बिल्टीवरचा आकडा आणि गाडीतला माल : कर्नेलच्या नेटवर्क कोडमधील सीमेबाहेरचे वाचन कसे रोखावे?

प्रश्न : तापीकाठ (यावल)

नमस्कार. यावल तालुक्यातील काही केळीच्या बागांमध्ये ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप उघडण्या-मिटण्याची यंत्रणा बसवलेली आहे आणि तिच्या नेटवर्कच्या बाजूचे काम मी पाहते. बागेतील प्रत्येक नोड जमिनीचा ओलावा आणि तापमान मोजून यूडीपी (पोचण्याची हमी न घेता पॅकेट पाठवणारा नेटवर्क नियम) पॅकेटमधून पंपघरातील गेटवेकडे पाठवतो. गेटवे म्हणजे लिनक्सवर चालणारा एक छोटा संगणक आहे. त्याच्या कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, नेटफिल्टर या पॅकेट गाळणाऱ्या व्यवस्थेच्या 'लोकल इन' हुकवर (याच यंत्रासाठी आलेली पॅकेटे अडवून पाहण्याच्या जागी) आमचे एक मॉड्यूल बसलेले असून, दुबार नोंदी गाळणे आणि तातडीच्या नोंदी पुढे सरकवणे हे त्याचे काम आहे. हे मॉड्यूल माझ्या आधीच्या सहकाऱ्याने लिहिले होते. आता ते माझ्याकडे आले आहे.

पॅकेटची रचना साधी आहे. यूडीपी हेडरनंतर आमचे ८ बाइटांचे हेडर येते आणि त्यापुढे एकामागून एक नोंदी येतात. नोंदीचा पहिला बाइट तिचा प्रकार सांगतो, दुसरा बाइट मजकुराची लांबी सांगतो आणि त्यानंतर तितके बाइट मजकूर असतो.

गेल्या काही आठवड्यांत ओलाव्याचे मधूनच अशक्य वाटावेत असे आकडे येऊ लागले. एका नोडच्या नावाच्या रकान्यात दुसऱ्याच बागेतील नोडच्या नावाचा तुकडा दिसला, तेव्हा मला खरी काळजी वाटली. एका शेतकरी दादांच्या केळीच्या कांदेबागेत वाफसा असतानाही चुकीच्या आकड्यामुळे रात्रभर पाणी चालू राहिले. एकदा तर कर्नेलच थांबले आणि पंपघर गाठून गेटवे पुन्हा सुरू करावा लागला.

कोड वाचल्यावर असे दिसते की, मॉड्यूल आयपी हेडरवरून यूडीपी हेडरचा पत्ता काढते, यूडीपी हेडरमधील लांबीतून ८ वजा करते आणि ती लांबी संपेपर्यंत नोंदी वाचत जाते. तपासणी अजिबात नाही असे म्हणता येणार नाही, कारण प्रत्येक फेरीत आपण त्या लांबीच्या आत आहोत ना, हे पाहिले जाते. केसॅन (स्मृतीचे चुकीचे वापर पकडणारे कर्नेलमधील साधन) चालू केलेले कर्नेल घालून मी दोन दिवस हीच वाहतूक त्यावरून जाऊ दिली, परंतु एकही इशारा आला नाही. तरीही हे सीमेबाहेरचे वाचन असावे असे मला वाटते. तपासणी नेमकी कोठे कमी पडते आहे, केसॅन गप्प का राहिले आणि असा कोड कोणत्या शिस्तीने लिहावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर : यार्डाजवळ (भुसावळ)

ताई, दोषाचे मूळ आपल्याच एका वाक्यात आहे : मॉड्यूल यूडीपी हेडरमधील लांबी संपेपर्यंत वाचत जाते. ती लांबी पाठवणाऱ्याने लिहिलेली आहे. रावेरहून केळीची गाडी निघते तेव्हा बिल्टीवर वजन लिहिलेले असते. समोरचा व्यापारी बिल्टी वाचतो, पण हिशोब काट्यावर उतरलेल्या वजनाचाच करतो. पॅकेटमधील लांबीची सर्व फील्डे ही बिल्टी आहेत, आणि काटा आपल्या बाजूला आहे : कर्नेलने त्या पॅकेटसाठी बनवलेल्या एसकेबी या रचनेतील लांबी. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय पहिला आकडा वापरायचाच नाही.

यूडीपीची लांबी कर्नेल स्वतः तपासतेच, मग मी पुन्हा का तपासावी, असा प्रश्न पडू शकतो. ती तपासणी यूडीपीच्या थरात होते आणि आपले मॉड्यूल त्या थराच्या आधी उभे आहे. 'लोकल इन' हुकपर्यंत आयपी हेडरची खातरजमा झालेली असते. यूडीपी हेडरची तशी खातरजमा तोपर्यंत झालेली असेलच असे नाही. एखाद्या पॅकेटमध्ये यूडीपीची लांबी ३ लिहिलेली असेल, तर आपण त्यातून ८ वजा करता आणि उत्तर १६ बिटांच्या चिन्हरहित चलात ठेवल्यावर ते ६५,५३१ होते. तेवढी लांबी 'संपेपर्यंत' मॉड्यूल वाचत जाईल. कर्नेल थांबले त्यामागे असेच काही असण्याची शक्यता मला दिसते.

दुसरा दोष अधिक लपलेला आहे आणि आपल्या बागांतील चुकीच्या आकड्यांशी माझ्या मते त्याचाच संबंध आहे. एसकेबीमधील पॅकेट सलग स्मृतीत असतेच असे नाही. त्याचा सुरुवातीचा भाग एका सलग तुकड्यात असतो, ज्याला आपण सलग भाग म्हणू, आणि उरलेला भाग वेगळ्या पानांमध्ये किंवा दुसऱ्या एसकेबींच्या यादीत असू शकतो. एसकेबीची एकूण लांबी या सर्वांची मिळून असते. त्यामुळे एकूण लांबी तपासली आणि नंतर साध्या पॉइंटरने (स्मृतीतील पत्ता धरणाऱ्या चलाने) पुढे चालत गेलो, तर लांबीच्या हिशोबाने आपण आत असतो, पण प्रत्यक्षात सलग भाग ओलांडून त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत शिरलेलो असतो. तेथे पूर्वीच्या पॅकेटचे अवशेष असतात, कारण ड्रायव्हर स्वीकाराचे बफर पुन्हा पुन्हा वापरतात आणि दर वेळी पुसत नाहीत. दुसऱ्या बागेतील नोडचे नाव तेथूनच आले असावे.

आपले नोड ज्या दुव्यावरून बोलतात त्याची एमटीयू, म्हणजे एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार, किती आहे? ती कमी असेल तर मोठे पॅकेट आयपीच्या पातळीवर तुकडे होऊन येते. 'लोकल इन' हुकच्या आधी कर्नेल ते जोडते खरे, पण जोडते म्हणजे प्रत्येक वेळी शेजारी शेजारी मांडते असे नाही. मागे पुरेशी जागा असेल तर पुढचा तुकडा तेथे नकलून घेतला जाऊ शकतो, नाहीतर तो वेगळ्या यादीत लटकत राहतो. दोष कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, याचे कारण हेच असू शकते.

यावर कर्नेलने दोन साधने दिलेली आहेत. 'पीएसकेबी_मे_पुल' या फंक्शनला आपण सांगायचे की, मला सुरुवातीपासून इतके बाइट सलग हवे आहेत. पॅकेटमध्ये तेवढे बाइटच नसतील तर ते नकार देते, आणि असतील पण विखुरलेले असतील तर ते ओढून सलग भागात आणते. येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली अशी की, मोजणी एसकेबीच्या डेटा पॉइंटरपासून होते आणि 'लोकल इन' हुकवर तो पॉइंटर आयपी हेडरवर असतो. म्हणून मागणी करताना आयपी हेडरची लांबी, यूडीपीचे ८ आणि आपले हेडर अशी पूर्ण बेरीज द्यावी लागते. नुसता यूडीपी हेडरचा आकार देऊन ८ बाइटांची तपासणी झाल्याचे समाधान मानणारा कोड मी पाहिलेला आहे, आणि ती तपासणी प्रत्यक्षात आयपी हेडरच्या पहिल्या ८ बाइटांचीच होती. दुसरी गोष्ट अशी की, ओढताना बफर नव्या जागी हलू शकतो. त्यामुळे आधी काढून ठेवलेले सर्व पॉइंटर त्या क्षणी शिळे झाले असे समजून ते पुन्हा काढावेत.

दुसरे साधन 'एसकेबी_हेडर_पॉइंटर' आहे. त्याला आपण सुरुवातीपासूनचे अंतर, हवी असलेली लांबी आणि स्टॅकवरचा एक छोटा बफर देतो. मागितलेले बाइट सलग भागात असतील तर ते थेट त्यांचा पत्ता देते, विखुरलेले असतील तर आपल्या बफरमध्ये नकलून देते आणि पॅकेटमध्ये नसतीलच तर शून्य पत्ता देते. आपल्याला फक्त वाचायचे आहे, म्हणून मी हेच सुचवीन. बफर हलण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही, आणि तपासणी व वाचन ही दोन वेगळी पावले राहत नाहीत.

एकदा वेळ काढून कर्नेलमधील आयपी पॅकेट स्वीकारण्याचा कोड अवश्य वाचावा. आधी २० बाइट हाती आहेत का ते पाहिले जाते. मग आवृत्ती ४ आहे का आणि हेडर-लांबीचे ४ बिटांचे फील्ड किमान ५ आहे का ते पाहतात. त्या फील्डाला ४ ने गुणून येणारे बाइट, म्हणजे २० पासून ६० पर्यंत, खरोखर हाती आहेत का ते पाहतात आणि लगेच हेडरचा पॉइंटर नव्याने काढतात. चेकसम (हेडर वाटेत बिघडले नाही ना, हे दाखवणारा आकडा) पाहिल्यानंतर हेडरमधील एकूण लांबी एसकेबीच्या लांबीहून जास्त नाही आणि हेडरच्या लांबीहून कमी नाही, अशी दोन्ही टोके तपासतात. शेवटी एसकेबी त्या लांबीपर्यंत छाटतात, कारण इथरनेटची चौकट किमान आकाराची व्हावी म्हणून मागे भरणा घातलेला असू शकतो आणि तो भरणा मजकूर म्हणून वाचला जाता कामा नये. हा क्रम बदलला तर प्रत्येक तपासणी स्वतःच सीमेबाहेरचे वाचन ठरू शकते.

उत्तर : पांझराकाठ (धुळे)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. नोंदी वाचण्याच्या फेरीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना बहुतेकांची चूक येथेच होते असे मी पाहतो.

ताई, 'आपण लांबीच्या आत आहोत ना' ही आपल्या फेरीतील अट प्रकाराचा बाइट वाचण्यापुरतीच खरी आहे. एकच बाइट उरलेला असेल तर अट मान्य होते, प्रकार वाचला जातो आणि लांबीचा बाइट सीमेच्या बाहेरून येतो. ही चूक नवशिक्यांचीच आहे असे समजू नये. टीसीपीच्या हेडरमधील पर्यायांची मांडणी आपल्या नोंदींसारखीच आहे : एक बाइट प्रकार, एक बाइट लांबी, मग मजकूर. लिनक्सच्या टीसीपी कोडमध्ये हे पर्याय वाचणाऱ्या फंक्शनात हीच एका बाइटची चूक होती आणि ती २०१९ मध्ये दुरुस्त झाली. इतका वाचला गेलेला, इतक्या यंत्रांवर चालणारा कोड, आणि तरीही ती तोपर्यंत राहिली. त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, हीच चूक त्याच धाटणीच्या आणखी तीन ठिकाणी, म्हणजे एमपीटीसीपी (अनेक वाटांनी चालणारे टीसीपी), नेटफिल्टरमधील सिनप्रॉक्सी आणि केक या रांग-व्यवस्थापकात, राहून गेली होती आणि ती जून २०२१ मध्ये दुरुस्त करण्यात आली. एका जागची फेरी नकलून दुसरीकडे नेली की तिच्यातील दोषही बरोबर जातो. मूळ जागी दुरुस्ती झाली तरी नकलांना ती आपोआप मिळत नाही.

टीसीपीच्या त्या फेरीत आता ज्या तपासण्या आहेत, त्या आपल्या नोंदींनाही लागू पडतात. उरलेले बाइट २ पेक्षा कमी असतील तर थांबावे. टीसीपीत लांबीच्या आकड्यात प्रकार आणि लांबीचे स्वतःचे दोन बाइट धरलेले असतात, म्हणून तो २ पेक्षा कमी असेल तर नाकारतात. अन्यथा लांबी ० असलेल्या पर्यायावर फेरी पुढेच सरकणार नाही. आपल्या रचनेत हे दोन बाइट धरलेले नाहीत, त्यामुळे ही तपासणी आपल्याला लागत नाही, पण तो फरक कोडच्या माथ्यावर स्पष्ट लिहून ठेवावा. त्यानंतर लांबी उरलेल्या बाइटांहून जास्त असेल तर थांबावे. आणि शेवटची तपासणी, जी सर्वांत जास्त वेळा विसरली जाते : त्या प्रकाराला जितके बाइट लागतात तितकीच लांबी आहे का? तापमानाची नोंद ४ बाइटांची असेल आणि पॅकेटमध्ये तिची लांबी १ लिहिलेली असेल, तर फेरीचा हिशोब बरोबर राहतो, परंतु तापमान वाचणारे फंक्शन ४ बाइट उचलते आणि पुढच्या नोंदीचे किंवा पॅकेटबाहेरचे ३ बाइट त्यात मिसळतात.

अंकगणिताबद्दलही सावध राहावे. 'अंतर अधिक लांबी, एकूण लांबीहून जास्त आहे का' असे विचारण्यापेक्षा, आधी अंतर एकूण लांबीच्या आत असल्याची खात्री करून 'लांबी, एकूण वजा अंतर याहून जास्त आहे का' असे विचारावे. बेरीज ओसंडू शकते. खात्रीनंतर केलेली ही वजाबाकी ओसंडत नाही. अंतर ८ बिटांच्या चलात ठेवले असेल तर २५० आणि १० यांची बेरीज त्यात ४ म्हणून साठते आणि फेरी मागे जाऊन पुन्हा तेच वाचू लागते.

माझे आग्रहाचे सांगणे असे की, या सर्व तपासण्या प्रत्येक जागी हाताने लिहू नयेत. एक छोटी रचना करावी, तिच्यात एसकेबी, आताचे अंतर आणि उरलेले बाइट ठेवावेत, आणि 'पुढचे इतके बाइट दे' असे एकच फंक्शन लिहावे, जे आधी उरलेले बाइट पाहील, मग 'एसकेबी_हेडर_पॉइंटर'ने वाचेल आणि मगच अंतर पुढे सरकवेल. बाकीच्या मॉड्यूलमध्ये पॅकेटचा कच्चा पॉइंटर कोठेही दिसता कामा नये. असे केले म्हणजे तपासायची जागा एकच उरते.

वाचन फसले तर काय करावे, हेही येथेच ठरवावे. पूर्ण पॅकेट टाकून द्यावे आणि एक गणक वाढवावा. फसलेल्या जागी ० भरून पुढे जाऊ नये. आपल्या यंत्रणेत ओलावा ० याचा अर्थ जमीन कोरडी ठक्क असा होतो, आणि व्हॉल्व्ह उघडतो.

प्रतिसाद : तापीकाठ (यावल)

दोघांचेही मनापासून आभार. भुसावळच्या दादांनी एमटीयूबद्दल विचारले होते. आमच्या रेडिओ दुव्याची एमटीयू ५७६ आहे. त्यातून आयपी हेडरचे २० गेले की ५५६ उरतात. शेवटचा सोडून प्रत्येक तुकड्यातील मजकूर ८ च्या पटीत लागत असल्याने पहिल्या तुकड्यात ५५२ बाइट बसतात, आणि त्यातील ८ यूडीपी हेडरचे. म्हणजे आमचे ५४४ बाइट पहिल्या तुकड्यात येतात. मी साठवलेल्या चुकीच्या नोंदी काढून पाहिल्या. त्यांपैकी प्रत्येक नोंद ५४४ व्या बाइटनंतर सुरू होणारी किंवा त्या ठिकाणी दुभागलेली निघाली, आणि त्या सर्व जास्त सेन्सर असलेल्या मोठ्या बागांतील नोडच्या होत्या. लहान पॅकेट पाठवणाऱ्या नोडची एकही नोंद त्यात नाही. आपले निदान बरोबर आहे.

धुळ्याच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे वाचनाची वेगळी रचना करून कोड नव्याने लिहायला घेतला आहे. केसॅनबद्दलची शंका मात्र अजून उरली आहे. दोन दिवस रोज हा दोष घडत असताना ते गप्प कसे राहिले? ते गप्प राहिले म्हणून कोड बरोबर आहे, असे मी जवळजवळ मान्य करून टाकले होते.

उत्तर : सातपुड्याच्या पायथ्याशी (शहादा)

केसॅन कशावर पहारा देते हे पाहिले की ते गप्प का राहिले ते कळते. लिनक्सच्या ४.० आवृत्तीत, २०१५ मध्ये, ते कर्नेलमध्ये आले. त्याच्या सर्वसाधारण प्रकारात स्मृतीच्या दर ८ बाइटांमागे १ बाइट सावली म्हणून राखला जातो, आणि त्या ८ पैकी किती बाइट वापरण्यास वैध आहेत हे त्यात नोंदलेले असते. ही नोंद स्मृतीच्या वाटपाच्या सीमेवर चालते. एसकेबीचा बफर हे एकच वाटप असते : पुढची मोकळी जागा, पॅकेटचा सलग भाग, मागची मोकळी जागा आणि सर्वांत शेवटी तुकड्यांची माहिती ठेवणारी रचना, हे सर्व एकाच वाटपात बसलेले असते. आपले मॉड्यूल पॅकेटची शेपटी ओलांडून मागच्या मोकळ्या जागेत गेले, तरी केसॅनच्या दृष्टीने ते त्याच बांधाच्या आत आहे. वाटपाची हद्द आणि पॅकेटची हद्द या दोन वेगळ्या हद्दी आहेत, आणि केसॅनला फक्त पहिली माहीत आहे.

येथे केएमसॅन या केसॅनच्या भावंड-साधनाचा जास्त उपयोग होतो. ते ६.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, कर्नेलमध्ये आहे आणि त्यासाठी क्लँग कम्पायलर लागतो. कधीच न भरलेल्या स्मृतीवर निर्णय घेतला गेला की ते इशारा देते. नेटवर्क कोडमधील 'पीएसकेबी_मे_पुल' विसरल्याचे कितीतरी दोष सिझबॉट या कर्नेलची आपोआप चाचणी घेणाऱ्या यंत्रणेने केएमसॅनच्याच इशाऱ्यांवरून उघडकीस आणलेले आहेत. मात्र ते आपल्या गेटवेवर चालवण्यासारखे नाही. कार्यालयातील संगणकावर आभासी यंत्रात चालवावे.

त्याहून सोपा आणि आजच करता येण्यासारखा उपाय म्हणजे नोंदी वाचणारा भाग कर्नेलबाहेर साध्या प्रोग्रॅमसारखा कम्पाइल होईल असा वेगळा ठेवणे. तेथे त्याला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (साध्या प्रोग्रॅमसाठीचे केसॅनसारखे साधन) आणि लिबफझर (वेडेवाकडे नमुने आपोआप बनवून कोडला देणारे साधन) जोडावे. लिबफझर प्रत्येक नमुना नेमक्या त्याच्याच आकाराच्या वाटपात ठेवून देते, त्यामुळे पॅकेटची हद्द आणि वाटपाची हद्द एकच होते आणि एक बाइट जरी बाहेर वाचला तरी पकडला जातो. त्याआधी एक साधी चाचणीही करून पाहावी : खरे पकडलेले एक चांगले पॅकेट घेऊन ते ० बाइटांपासून पूर्ण लांबीपर्यंत प्रत्येक ठिकाणी कापून कोडला द्यावे. दुसऱ्या चाचणीत तेच पॅकेट न कापता, प्रत्येक शक्य जागी दोन तुकड्यांत विभागून द्यावे. उत्तर प्रत्येक वेळी अखंड पॅकेटच्या उत्तराएवढेच आले पाहिजे.

शेवटी एक वेगळे मत मांडतो. दुबार नोंदी गाळण्यासाठी कर्नेल मॉड्यूल खरोखर लागते का? हे काम साध्या प्रोग्रॅममध्ये हलवता येईल. कर्नेलमध्येच ठेवायचे असेल तर ईबीपीएफ, म्हणजे तपासलेले छोटे प्रोग्रॅम कर्नेलमध्ये चालवण्याची सोय, पाहावी. तेथे प्रोग्रॅम चढवण्यापूर्वी व्हेरिफायर त्याची प्रत्येक वाट तपासतो, आणि पॅकेटच्या शेवटाच्या पॉइंटरशी तुलना केल्याशिवाय पॅकेटमधील एक बाइट जरी वाचला असेल तर प्रोग्रॅम चढवूच देत नाही. बफर हलवू शकणारे एखादे फंक्शन बोलावले की आधीचे पॅकेट पॉइंटर तो बाद धरतो. वर ज्या दोन गोष्टी माणसाने लक्षात ठेवायच्या म्हणून सांगितल्या आहेत, त्या तेथे यंत्रच पाहते.

उत्तर : यार्डाजवळ (भुसावळ)

शहाद्याच्या मित्रांचा चाचण्यांबद्दलचा सल्ला मोलाचा आहे. साध्या प्रोग्रॅममध्ये हलवण्याच्या सल्ल्याला मात्र एक पुरवणी जोडतो. कर्नेलबाहेर गेल्याने यंत्र थांबण्याचा धोका कमी होतो, पण गळतीचा धोका तसाच राहतो. ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेला हार्टब्लीड हा दोष ओपनएसएसएल या संवाद सांकेतिक करणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे कर्नेलबाहेरच होता. हृदयस्पंद तपासणाऱ्या संदेशात समोरच्याने मजकुराची जी लांबी लिहिली, ती प्रत्यक्ष आलेल्या मजकुराशी ताडून न पाहता तेवढे बाइट परत पाठवले जात होते. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत सर्व्हरची स्मृती अशी बाहेर जाऊ शकत होती आणि तीत खासगी किल्ल्याही असू शकत होत्या. आकडा समोरच्याचा आणि स्मृती आपली, हेच तेथेही घडले.

म्हणून ताईंना विचारतो : आपले मॉड्यूल नोडला पोचपावती पाठवते का, आणि त्या पोचपावतीत नोडकडून आलेले नाव परत जाते का? जात असेल तर एका बागेतील यंत्राला दुसऱ्या बागेची माहिती आधीच पोचलेली असू शकते, आणि हा दोष चुकीच्या आकड्यांपुरता राहत नाही.

उत्तर : मेहरूणकर (जळगाव)

दोन छोट्या गोष्टी राहून जाऊ नयेत म्हणून लिहितो.

नोंदीचा प्रकार सांगणारा बाइट वापरून आपण फंक्शनांच्या सारणीतून फंक्शन निवडत असाल, तर तो बाइट ० ते २५५ पर्यंत काहीही असू शकतो हे लक्षात घ्यावे आणि सारणीच्या आकाराशी त्याची तुलना करावी. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या स्पेक्टर या प्रोसेसरमधील दोषानंतर एवढेही पुरत नाही. प्रोसेसर तुलनेचे उत्तर येण्याआधीच अंदाजाने पुढचे वाचन करून मोकळा होतो, आणि त्या वाचनाच्या खुणा कॅशमध्ये राहतात. त्यासाठी कर्नेलमध्ये 'अ‍ॅरे_इंडेक्स_नोस्पेक' आहे. तुलनेनंतर निर्देशांक त्यातून गाळून घ्यावा.

दुसरे, गेटवेला यूएसबीवरचा इथरनेट जोड लावलेला असेल तर त्याच्या ड्रायव्हरसह कर्नेल अद्ययावत ठेवावे. एएक्स ८८१७९ या चिपच्या ड्रायव्हरमध्ये पॅकेटांची माहिती बफरच्या शेवटी येते, आणि ती कोठे सुरू होते व किती पॅकेटांची आहे हे उपकरणच सांगते. ते आकडे पुरेसे न तपासल्यामुळे झालेले सीमेबाहेरचे वाचन २०२२ मध्ये दुरुस्त करण्यात आले. जाहीर सुरक्षा-दोषांच्या यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२२-२९६४ आहे. आपले मॉड्यूल कितीही काळजीपूर्वक लिहिले तरी एसकेबीची लांबी ड्रायव्हरने ठरवलेली असते, म्हणजे काटाच चुकीचा असेल तर वरच्या थरातील कोणतीही तपासणी कामी येत नाही.

प्रतिसाद : तापीकाठ (यावल)

भुसावळच्या दादांची शंका खरी ठरली. पोचपावतीत नाव परत जात होते. ते आज बंद केले. आता पोचपावतीत फक्त नोडचा क्रमांक आणि पॅकेटचा अनुक्रमांक जातो. मागील पोचपावत्यांमध्ये काय गेले असेल हे तपासून संबंधित शेतकऱ्यांना आम्ही स्वतः कळवणार आहोत.

नवा कोड कापण्याच्या आणि विभागण्याच्या अशा दोन्ही चाचण्यांतून नेला. कापण्याची चाचणी पहिल्याच दिवशी पूर्ण झाली. विभागण्याच्या चाचणीत मात्र एक विचित्र प्रकार आढळला. सर्व नोंदी बरोबर येतात, पण विभागणी आमच्या ८ बाइटांच्या हेडरमध्ये कोठेही पडली की पाठवणाऱ्याचा पोर्ट क्रमांक कधी कधी चुकीचा येतो. नोंदी नव्या रचनेतून वाचते. आमचे हेडर मात्र अजून 'पीएसकेबी_मे_पुल'ने ओढून घेते, आणि बेरीज पूर्ण दिलेली आहे. यूडीपी हेडरचा पॉइंटर फंक्शनच्या सुरुवातीला एकदाच काढलेला आहे आणि पोर्ट क्रमांक सर्वांत शेवटी, पोचपावती तयार करताना, त्यावरून वाचला जातो.

उत्तर : यार्डाजवळ (भुसावळ)

सुरुवातीला काढलेला तो पॉइंटरच शिळा झालेला आहे. विभागणी हेडरमध्ये पडली की ओढण्यासाठी बफर हलवावा लागू शकतो, जुनी जागा मोकळी होते आणि पोर्ट क्रमांक त्या मोकळ्या झालेल्या जागेतून वाचला जातो. हे वाचन मात्र केसॅनलाही पकडता यायला हवे. आभासी यंत्रात ते चालू ठेवून हीच चाचणी पुन्हा करून पाहावी. आपले हेडरही 'एसकेबी_हेडर_पॉइंटर'नेच वाचावे, पोर्ट क्रमांक अगदी सुरुवातीला एका साध्या चलात उतरवून घ्यावा आणि यूडीपी हेडरचा पॉइंटर त्या दोन ओळींच्या बाहेर शिल्लकच ठेवू नये.

प्रतिसाद : तापीकाठ (यावल)

तसे केले. 'पीएसकेबी_मे_पुल' आता मॉड्यूलमध्ये कोठेही नाही. विभागण्याची चाचणी प्रत्येक जागी उत्तीर्ण झाली. बदल करण्यापूर्वीचा कोड मुद्दाम केसॅनसह चालवला, तेव्हा मोकळ्या केलेल्या स्मृतीतून वाचन झाल्याचा इशारा त्याच ओळीवर आला. नवे मॉड्यूल उद्या आधी एकाच पंपघरात बसवणार आहे, आणि टाकून दिलेल्या पॅकेटांचा गणक रोज पाहून आठ दिवसांनी येथे पुन्हा लिहीन.